रमचा पेला आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित मी सभागृहात शिरताना पाहिले. ज्ञानसत्राच्या या व्यासपीठावर वेदान्त झाला, अर्थकारण झाले, नाट्यसंगीत झाले. आणि आता एकदम मद्यपान! तेही कोणाचे, तर दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील वसाहतवाल्यांचे! ती माणसे काय पीत होती आणि किती पीत होती, याची उठाठेव आपण का करावी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो अगदी योग्य आहे.

त्याला माझे उत्तर थोडक्यात असे की, राष्ट्राचा इतिहास जसा दरबारात घडतो तसाच तो कोठीघरातही घडतो. लोक काय पितात, कोणाच्या पंक्तीला बसून पितात, ते पेय कोणाच्या घामातून येते आणि त्याचा नफा कोणाच्या गाठीला जातो, एवढे चार प्रश्न विचारले की त्या समाजाची सारी रचना डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हा मद्याची स्तुती किंवा निंदा करण्यासाठी मी येथे उभा नाही. हा पेला उपडा करून त्याच्या तळाशी काय साचले आहे, एवढेच आपण मिळून पाहू.

आरंभ १६२० सालापासून करू. ‘मेफ्लॉवर’ नावाचे जहाज सुमारे शंभर प्रवाशांना घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. धर्मस्वातंत्र्यासाठी घरदार सोडून निघालेली ही मंडळी; पण त्यांच्या जहाजावर पिंपे भरलेली होती ती बिअरची. प्लिमथ येथे वस्ती करण्याचा निर्णय का घेतला, याची कारणे सांगताना त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, आणखी शोध करीत बसायला वेळ नव्हता, कारण शिधा संपत आला होता, विशेषतः बिअर. केवळ बिअर संपली म्हणून अमेरिका वसली, अशी एक गमतीची दंतकथा यावरून निघाली. ती अर्थात खरी नव्हे. हिवाळा तोंडावर आला होता, समुद्र खवळलेला होता आणि माणसे थकली होती. पण बिअर संपणे हे अन्न संपण्याच्या बरोबरीचे संकट त्यांना वाटत होते, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि तीच आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

असे का वाटावे? आपल्याकडे पाणी हे जीवन. संस्कृतात पाण्याला तोच शब्द आहे. पण इंग्लंडातून आलेल्या त्या माणसाला पाण्याचा भरवसा वाटत नसे. दाट वस्तीच्या गावांतले पाणी पिऊन माणूस आजारी पडतो हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. नुसते पाणी पिणे हे एक तर अत्यंत गरिबाचे लक्षण, नाही तर वेडेपणाचे, अशी समजूत होती. उलट बिअर ही धान्यापासून बनते, म्हणून ती अन्नात जमा. गाळलेली कडक दारू अंगात ऊब आणते, म्हणून ती औषधात जमा. थंडी वाजली की पेला, उन्हाने अंग तापले तरी पेला. तापात, प्रसूतीत, प्रवासात, सगळीकडे पेला.

नव्या भूमीत जव पिकवून बिअर करणे त्यांना जड जाई. पण सफरचंदाची झाडे मात्र झपाट्याने रुजली. सफरचंद काही वर्षभर टिकत नाही. त्याचा रस काढून पिंपात आंबवला की ‘सायडर’ तयार होते आणि ते हिवाळाभर पुरते. आपला कोकणातला माणूस आंब्याची साठे घालून ठेवतो, तसाच हा व्यवहार. फरक एवढाच की साठ खाल्ल्याने डोके गरगरत नाही. न्यू इंग्लंडमधील शेतकऱ्याच्या तळघरात सायडरची पिंपे रांगेने उभी असत. मुलेबाळेसुद्धा त्याचे सौम्य रूप जेवणाबरोबर घेत. पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स हे शिस्तीचे आणि कर्तव्यकठोर गृहस्थ. पण सकाळी न्याहारीपूर्वी सायडर घेण्याचा त्यांचा नेम होता. त्यांना कोणी व्यसनी म्हटले नाही, कारण तसे म्हणण्याचे त्या काळात कोणाच्या ध्यानीही आले नसते.

हे प्रमाण किती होते? इतिहाससंशोधकांचा अंदाज असा की, १७७० च्या सुमारास पंधरा वर्षांवरील दर माणशी वर्षाला साडेसहा गॅलन शुद्ध अल्कोहोल पोटात जाई. म्हणजे सुमारे पंचवीस लिटर. आजचा अमेरिकन माणूस त्याच्या निम्म्याहूनही कमी पितो. कापणीच्या हंगामात मजुराला मजुरीबरोबर रम द्यावी लागे. लग्नात पेला असे, अंत्ययात्रेला आलेल्या मंडळींसाठीही तो असे, आणि नव्या धर्मोपदेशकाच्या दीक्षाविधीच्या खर्चातसुद्धा रमचा आकडा असे.

येथे कोणी विचारील की, हे लोक तर प्युरिटन, कडवे धार्मिक. त्यांना हे चालले कसे? त्यांचे नीतिशास्त्र समजून घेतले म्हणजे कोडे उलगडते. बोस्टनचे प्रख्यात धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर यांनी १६७३ मध्ये मद्यप्यांना उद्देशून प्रवचने प्रसिद्ध केली. मद्य ही देवाची देणगी, ती कृतज्ञतेने घ्यावी. पण झिंगणारा मनुष्य हा सैतानाचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पिणे वेगळे आणि झिंगणे वेगळे. पहिल्याला शास्त्राची संमती, दुसऱ्याला कायद्याची शिक्षा. ही शिक्षाही कशी? १६३४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेने रॉबर्ट कोल्स नावाच्या इसमाला दारू पिऊन धुंद झाल्याबद्दल मताधिकारातून काढले आणि पांढऱ्या कापडावर तांबड्या कापडाचे ‘डी’ हे अक्षर शिवून ते वर्षभर अंगरख्यावर वागवण्याची आज्ञा केली. गावातल्या पोरासोरांनी ते अक्षर वाचावे आणि त्याने मान खाली घालून जावे, अशी ही योजना. समाज लहान होता, सर्व एकमेकांना ओळखत होते; तेथे तुरुंगापेक्षा लाज हीच अधिक बळकट बेडी होती.

आता ज्या ठिकाणी हे पिणे चाले त्या जागेकडे वळू. त्या जागेला ते ‘टॅव्हर्न’ म्हणत. या शब्दाला आपण ‘गुत्ता’ म्हटले तर त्या संस्थेवर अन्याय होईल. वाटसरूची धर्मशाळा, खाणावळ, गावची चावडी आणि टपालघर ही चारही एका छपराखाली आणा, मधोमध शेकोटी पेटवा, म्हणजे टॅव्हर्न तयार झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५६ साली असा नियमच झाला की प्रत्येक गावाने एक तरी पथिकगृह चालवावे, न चालवील त्या गावाला दंड. परवाना सरकारचा, भाव सरकारने ठरवलेले. पुष्कळदा हा परवाना एखाद्या विधवेला दिला जाई. तिचा चरितार्थ चालावा आणि ती गावाच्या दानधर्मावर पडू नये, हा त्यातला हिशेब. न्यायाधीश गावोगाव फिरत तेव्हा न्यायसभा येथेच भरे. बोस्टनहून आलेले वर्तमानपत्र येथेच मोठ्याने वाचले जाई आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही देशाची खबर कळे. हिवाळ्यात रम, बिअर आणि साखर एकत्र करून त्यात लालभडक तापवलेली लोखंडी सळई बुडवीत. तो फेसाळ ‘फ्लिप’ प्यायला मंडळी शेकोटीभोवती जमत.

आणि सार्वजनिक आनंदाचे पेय होते ‘पंच’. एका मोठ्या वाडग्यात ते कालवायचे आणि वाडगा हातोहाती फिरवायचा. श्रोतेहो, येथे क्षणभर आपल्या मुलखात येऊ. इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० नंतरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत ज्याच्या ग्रंथात येते, तोच हा फ्रायर. त्याने लिहून ठेवले आहे की, गोव्यातील नेरूळ येथे उत्तम दारू गाळतात आणि तिच्यापासून इंग्रज लोक एक पेय करतात. त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून इकडच्या भाषेतील पाचाच्या आकड्यावरून त्याला ते नाव मिळाले. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. ‘पंच’ शब्दाची हीच व्युत्पत्ती सामान्यतः मानली जाते. आपला एक संख्यावाचक शब्द खलाशांच्या तोंडून समुद्र ओलांडून बोस्टनच्या वाडग्यात जाऊन पडला, याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र त्या वाडग्यातली रम कोठून आली, हे विचारले की मौज संपते. साखर कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला मळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. साखर काढून घेतल्यावर मागे राहणारा काळा, चिकट द्रव ती मळी. बार्बाडोस आणि कॅरिबियन समुद्रातल्या इतर बेटांवर १६४० नंतर उसाचे मळे वाढले. त्या मळ्यांत राबणारे हात होते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे. तेथली मळी जहाजांनी बोस्टन, मेडफर्ड, न्यूपोर्ट येथे जाई आणि तेथील भट्ट्यांत तिची रम गाळली जाई. १७७० च्या सुमारास या वसाहतींत सुमारे १४० भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून वर्षाला जवळजवळ ४८ लक्ष गॅलन रम निघे. रम इतकी स्वस्त झाली की मजुरालाही ती परवडू लागली.

आणि ती रम सगळीच घरी प्यायली जात नव्हती. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या वसाहतीने १७६४ मध्ये ब्रिटिश सरकारकडे मळीवरील कराविरुद्ध एक निवेदन धाडले. त्यात त्यांनी काही न लपवता सांगितले आहे की, आमच्या येथे तीसहून अधिक भट्ट्या आहेत, आणि दरवर्षी अठराएक जहाजे रम भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात. ती रम देऊन काय विकत घेत? माणसे! १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी एक लाखाहून अधिक आफ्रिकी स्त्रीपुरुष गुलाम म्हणून वाहून नेले. गुलामांनी ऊस पिकवावा, उसाची मळी व्हावी, मळीची रम व्हावी आणि त्या रमने आणखी गुलाम विकत घ्यावे, असे हे चक्र. व्यापाऱ्याच्या वहीत तो जमाखर्च होता. त्या निवेदनाच्या भाषेत शरमेचा लवलेशही नाही.

पुढे या मळीनेच राजकारण पेटवले. फ्रेंच सरकारने आपल्या देशातील ब्रँडीच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून फ्रेंच बेटांवरील रमला मायदेशाचे दार बंद केले होते. त्यामुळे त्या बेटांवर मळी कवडीमोल झाली आणि न्यू इंग्लंडचे व्यापारी ती उचलू लागले. ब्रिटिश बेटांवरचे मळेवाले त्यामुळे खवळले. त्यांनी पार्लमेंटकडून १७३३ चा कायदा करवून घेतला आणि परकीय मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली. वसाहतवाल्यांनी ती भरली काय? छे! चोरटी आयात आणि जकात अधिकाऱ्यांची मूठ गरम करणे, हा तीस वर्षांचा राजमार्ग झाला. १७६४ मध्ये सरकारने दर निम्म्यावर, म्हणजे तीन पेन्सांवर आणला. पण या खेपेस वसुली खरोखर करायची असे ठरवले. तेव्हा मात्र ओरड झाली. म्हातारपणी, १८१८ मध्ये, जॉन ॲडम्स यांनी एका पत्रात कबूल केले की, आमच्या स्वातंत्र्याच्या घडणीत मळी हा एक आवश्यक घटक होता आणि हे सांगायला आम्ही का लाजावे, ते मला कळत नाही. आपण सारे चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याची गोष्ट शाळेत वाचतो. त्या चहाच्या आधी नऊ वर्षे मळीचे भांडण होते, हे क्वचितच कोणी सांगते.

निवडणुकीतही हा पेला होताच. १७५५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी उभे राहिले आणि पडले. १७५८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या वतीने मतदारांना सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर पाजण्यात आले. ते स्वतः लष्करी कामगिरीवर असल्यामुळे मतदानाला हजर नव्हते, तरी तीनशेहून अधिक मते मिळून निवडून आले. असे पाजणे कायद्याला मंजूर नव्हते, रूढीला होते. पुढे १७७७ मध्ये जेम्स मॅडिसन या तरुणाने, प्रजासत्ताकाच्या नागरिकाला मतासाठी दारू पाजणे हा त्याचा अपमान आहे, असे म्हणून पेला देण्याचे नाकारले. परिणाम? मॅडिसन पडले! पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेचा जनक म्हणून जगाने गौरवलेला पुरुष तो हाच.

पण त्याच टॅव्हर्नांत स्वातंत्र्याची खलबतेही झाली, हे नाकारून चालणार नाही. १७६९ मध्ये गव्हर्नराने व्हर्जिनियाचे विधिमंडळ बरखास्त केले, तेव्हा सभासद उठले आणि विल्यम्सबर्गच्या ‘रॅले टॅव्हर्न’मध्ये जाऊन बसले, ब्रिटिश मालावरील बहिष्काराचा ठराव तेथे झाला. बोस्टनच्या ‘ग्रीन ड्रॅगन’मध्ये १७७४-७५ च्या हिवाळ्यात तीसएक कारागिरांची टोळी जमे आणि इंग्रज सैन्याच्या हालचालींवर नजर ठेवी, रुप्याचे काम करणारे पॉल रिव्हिअर हे त्यांतलेच एक. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्सिंग्टनचे शेतकरी-शिपाई इंग्रज पलटणीची वाट पाहत थांबले होते, तेही ‘बकमन टॅव्हर्न’मध्येच. जेथे मजूर आणि वकील एकाच शेकोटीपाशी बसून राजाच्या कायद्यावर टीका करू शकतात, तेथे लोकमत जन्माला येते.

पण त्या शेकोटीपाशी सर्वांना जागा होती काय? ह्या प्रश्नाशी मला आज खरे म्हणजे यायचे होते. गुलामाला, बांधील नोकराला आणि मूळ रहिवाशाला दारू विकू नये, असे कायदे वसाहतीवसाहतींतून होते. न्यूयॉर्कमध्ये जॉन ह्यूसन नावाच्या मनुष्याच्या टॅव्हर्नमध्ये गुलाम आणि गरीब गोरे एकत्र बसत, पीत आणि बोलत. १७४१ मध्ये शहरात आगी लागल्या आणि या बैठकींत कट शिजला असा आरोप झाला. भीतीने पछाडलेल्या न्यायालयाने तीस कृष्णवर्णीयांना मृत्युदंड दिला. त्यांतल्या तेरा जणांना जिवंत जाळले. ह्यूसन, त्याची बायको आणि आणखी दोन गोरे माणसे फासावर गेली. कट खरोखर केवढा होता, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. पण गोऱ्यांनी टॅव्हर्नमध्ये स्वातंत्र्याची भाषा बोलली तर ती देशभक्ती, आणि काळ्यांनी बोलली तर जळती चिता, एवढा भेद त्या एका शतकात, त्याच पेल्याभोवती दिसतो.

मूळ रहिवाशांची कथा याहून दुःखद. कातड्यांच्या व्यापारात आणि जमिनीच्या तहांत रम हे गोऱ्यांचे हत्यार झाले. १७५३ मध्ये कार्लाईल येथे बेंजामिन फ्रँकलिन तहासाठी गेले होते. बोलणी संपेपर्यंत रम नाही, संपल्यावर भरपूर, असे त्यांनी इंडियन प्रमुखांना सांगितले आणि शब्द पाळला. त्या रात्रीचा गोंधळ आत्मचरित्रात वर्णून ते म्हणतात की, शेतकऱ्यांना जागा मिळावी म्हणून या रानटी लोकांचा उच्छेद करण्याचा ईश्वरी संकेत असेल, तर रम हे त्याचे साधन असावे. एवढा शहाणा माणूस, आणि तो हे वाक्य शांतपणे लिहून जातो! रम देणारा हात ईश्वराचा नव्हता, तो आपलाच होता, हे त्यांच्या लेखणीने गाळले.

उत्तर दिले ते एका मूळ रहिवाशानेच. सॅमसन ऑकम हे मोहिगन जमातीचे धर्मोपदेशक. १७७२ च्या सप्टेंबरात न्यू हेवन येथे मोझेस पॉल या इंडियनाला, दारूच्या भरात खून केल्याबद्दल, फाशी व्हायची होती. त्याच्याच विनंतीवरून ऑकम प्रवचनाला उभे राहिले. समोर गोऱ्यांचा जमाव, जवळ मरणाच्या दारातला माणूस आणि बाजूला आपले जातभाई. आपल्या लोकांना त्यांनी कळवळून सांगितले की या दारूने आपले अन्न, वस्त्र, घर आणि अब्रू नेली. आता तरी ती सोडा. ते प्रवचन छापले गेले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

विरोधाचे सूर गोऱ्यांतही होते. जॉर्जिया वसाहतीच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये रमला बंदी केली. गुलामगिरीलाही त्यांनी तेव्हाच बंदी केली होती. पण शेजारच्या साउथ कॅरोलायनातून चोरटी रम येई आणि पंच मंडळी आरोपीला दोषी ठरवीनात. १७४२ मध्ये रमबंदी उठली आणि दहा वर्षे जाण्यापूर्वीच गुलामगिरीवरील बंदीही गेली. खुद्द फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करीत, तेव्हा सोबती दिवसभर बिअर पीत आणि हे पाणी. ते त्यांना ‘पाणीपित्या अमेरिकन’ म्हणत. पण खिळ्यांचे दोन जड साचे दोन हातांत घेऊन जिना चढे तो हा पाणीपित्याच! फिलाडेल्फियाचे क्वेकर शिक्षक अँथनी बेनेझेट यांनी १७७४ मध्ये दारूविरुद्ध पुस्तिका लिहिली. कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा चालवणारे आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लेखणी झिजवणारे तेच. दोन्ही पापांचे मूळ एकाच पिंपात आहे, हे त्यांना उमगले होते. १७८४ मध्ये डॉ. बेंजामिन रश यांनी कडक दारूचे शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम शास्त्रीय रीतीने मांडले आणि झिंगणे हे निव्वळ पाप नसून रोग आहे, असा विचार पुढे आणला. गुलामगिरीचा निषेध करणाऱ्या या सज्जनाच्या घरीही एक गुलाम होता. माणूस आपल्या काळाच्या वर किती चढू शकतो आणि किती नाही, याचे हे माप.

स्वातंत्र्यानंतर बेटांवरची मळी दुर्मिळ झाली आणि मक्याची, राईची व्हिस्की पुढे आली. तिच्यावर १७९१ मध्ये नव्या सरकारने अबकारी कर बसवला, शेतकऱ्यांनी बंड केले आणि १७९४ मध्ये ते मोडायला खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. निवृत्त झाल्यावर त्याच वॉशिंग्टनांनी माउंट व्हर्ननला व्हिस्कीची भट्टी उभारली. १७९९ मध्ये तिच्यातून सुमारे अकरा हजार गॅलन माल निघाला. मडकी वाहणारे हात तेथेही गुलामांचेच होते.

श्रोतेहो, वेळ संपत आली. थोर पुरुषांचे पाय मातीचे होते, एवढेच दाखवून मला थांबायचे नाही. तो फार सोपा आणि थोडा हलका उद्योग आहे. त्या टॅव्हर्नमध्ये सामान्य माणूस राजाविरुद्ध बोलायला शिकला, हे खरे. त्याच्या हातातला पेला दुसऱ्या माणसाच्या दास्यातून भरला होता, हेही तितकेच खरे. यांपैकी एकच गोष्ट सांगणारा इतिहास अर्धा असतो. आपण सकाळी चहाचा कप उचलतो, त्यात साखर ढवळतो. तेव्हा मळा कोणाचा, मजुरी किती आणि नफा कोणाचा, एवढे क्षणभर मनात आले, तरी या दूरच्या देशातल्या जुन्या हकीकतीने आपले काम केले असे मी समजेन.